फॅरिबोचे बिशप

मिनिआपोलिसच्या विमानतळावरून ताईच्या घरी जाताना फोर्ट स्नेलिंगला एक भलीमोठी सरकारी इमारत लागते. इमिग्रेशनचं कोर्ट तिथेच. इमारतीला नाव बिशप हेन्री व्हिपल यांचं. सरकारी कचेरीला बिशपचं नाव का, हे काही डोक्यातून जाईना. शेवटी रविवारी ताईला घेऊन, व्हिपल यांचं कॅथेड्रल जिथे आहे ते, तासाभरावरचं फॅरिबो गाठलं.

मुंबईच्या फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल ज्या अँग्लिकन परंपरेत उभं राहिलं, तिचीच अमेरिकेतली शाखा म्हणजे एपिस्कोपल चर्च. व्हिपल १८५९ मध्ये मिनेसोटा धर्मप्रांताचे पहिले बिशप झाले, वय अवघं ३७. फॅरिबोच्या या दगडी कॅथेड्रलची कोनशिला १८६२ ची.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिनेसोटातल्या मूळनिवासी डकोटा लोकांनी शस्त्रं उचलली. जमिनी करारांत गेल्या होत्या, मोबदल्याची रक्कम वेळेवर येईना, व्यापारी उधारीवर धान्य देईनात. पोरंबाळं उपाशी. ही लूट थांबवा, असं व्हिपल यांनी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना मार्चमध्येच लिहिलं होतं! शेकडो वसाहतवाले मारले गेले आणि मग लष्करी न्यायाधिकरणाने ३०३ जणांना फाशी सुनावली. काही खटले तर काही मिनिटांत उरकलेले. सगळं राज्य सूड मागत असताना हा माणूस वॉशिंग्टनला जाऊन लिंकनना भेटला आणि डकोटांची बाजू मांडली. लिंकननी एकेक कागद तपासून घेतला. तरीही २६ डिसेंबरला मँकेटोमध्ये ३८ जण एकाच वेळी फासावर गेले.

डकोटा लोक व्हिपलना ‘सरळ जिभेचा’ म्हणत. पण १८७६ मध्ये ब्लॅक हिल्स हा आपला पवित्र डोंगराळ मुलूख सोडण्याच्या करारावर लाकोटांच्या, म्हणजे डकोटांच्याच भाऊबंदांच्या, सह्या घेणाऱ्या सरकारी आयोगात हेच बिशप होते. मूळनिवासींनी शेती करावी, ख्रिस्ती व्हावं, यातच त्यांचं भलं आहे असं त्यांना मनापासून वाटे. मला हे पचत नाही. आणि १८६२ चं त्यांचं धैर्यही मी नाकारू शकत नाही.

प्रार्थना संपल्यावर एका आजींनी मला वेदीपाशी नेलं. “बिशप व्हिपल इथेच आहेत, खाली पुरलेले,” त्या हळूच म्हणाल्या. एन्मेगाबो या ओजिब्वे माणसाला १८६७ मध्ये व्हिपल यांनी धर्मगुरूची दीक्षा दिली. एपिस्कोपल चर्चचे ते पहिले मूळनिवासी धर्मगुरू. आता धर्मप्रांताचं मुख्य कॅथेड्रल मिनिआपोलिसचं सेंट मार्क्स आहे, आणि २०२० पासून क्रेग लोया दहावे बिशप आहेत.

परतताना फोर्ट स्नेलिंगला नदीकाठी उतरलो. १८६२ च्या हिवाळ्यात सुमारे १६०० डकोटांना, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, इथे कुंपणात डांबलं होतं. ताईने चप्पल काढून ठेवली आणि हात जोडले.