आमची वाटचाल : आधी काटा, मग भाव

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात घरी विमान बांधणाऱ्यांसाठी इंजिन माउंट (इंजिन धरणारा सांगाडा), काउलिंग (इंजिनावरचं आवरण) आणि इंधनाच्या लाइनी तयार होतात. इंजिन आम्ही विकत नाही. कोणतं घ्यावं ते सांगतो आणि ते फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर, बसवून देतो. पहिली काही वर्षं काम बरं चाललं.

मग जवळच्याच एका गाळ्यात मोटारीच्या इंजिनाला बेल्ट रिडक्शन (प्रोपेलरची गती कमी करणारा पट्टा) लावून विमानासाठी विकणं सुरू झालं. शंभर हॉर्सपॉवर, निम्म्या पैशात! गिऱ्हाईक तिकडे वळलं, आमचं भाडं थकलं, वेल्डरचा पगार उधारीवर आला. वर बोभाटा असा, की मोटारीच्या इंजिनाबद्दल आम्ही लोकांना उगाच घाबरवतो. ते आजही सलतं, कारण आम्ही काट्यावर दिसेल तेवढंच बोलत होतो. रोटॅक्स 912 यूएलएस हे हलक्या विमानांचं इंजिन नुसतं सुमारे 57 किलो. रेडिएटर, एग्झॉस्ट, तेल धरून 80 च्या आत-बाहेर. मोटारीचं इंजिन सगळ्या सरंजामासकट त्याहून 20 किलो जड भरलं आणि गुरुत्वमध्याच्या 1 मीटर पुढे बसलं, तर 550 किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य साडेतीन सेंटिमीटर पुढे जातो. तोल सावरायला 4 मीटर मागे शेपटीत 5 किलो शिसं घालावं लागतं. म्हणजे 25 किलोंचा भुर्दंड, दर उड्डाणाला.

त्याहून वाईट पिळाची कंपनं. चार सिलिंडरचं इंजिन दर फेरीला दोन हिसके देतं. 3000 आरपीएमला (मिनिटाला 3000 फेऱ्या) सेकंदाला 100. पुढे जड प्रोपेलर, मधे बेल्ट. या जोडणीची स्वतःची लय नेमकी चालवायच्या आरपीएममध्ये आली की बेल्टचे दात उडतात, शाफ्टला चीर जाते. शिवाय मोटार हायवेवर थोड्याच ताकदीवर पळते, विमान तासन्तास 75 टक्क्यांवर. मोटारीचा रेडिएटर तिथे पुरत नाही.

त्या दिवसांत परळच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर काका आमचेच गिऱ्हाईक राहिले. "भाव नंतर सांग रे, आधी वजन सांग," म्हणायचे. त्यांनी माउंटचे सगळे पैसे आगाऊ दिले, म्हणून गाळा वाचला. पेट्रोल तपासायची त्यांची काचेची मोजनळी अजून आमच्या टेबलावर आहे. 10 मिली पाणी, 90 मिली पेट्रोल, बूच लावून हलवायचं, मग स्थिर ठेवायचं. खालचा थर 10 च्या वर चढला की पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. 912 ला 10 टक्क्यांपर्यंत चालतं, ई20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) नाही. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. 100 एलएल हे विमानाचं पेट्रोल वापरत असाल तर त्यातल्या शिशापायी तेल 25 तासांनी बदललेलं बरं. कार्ब्युरेटरमधले फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारे तरंगते तुकडे) काढून तेही तोला. जोडी 7 ग्रॅमच्या वर गेली म्हणजे ते पेट्रोल प्यायलेत. मिश्रण रिच होऊन, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होऊन, इंजिन थरथरणार.

मुंबईत कार्ब्युरेटरमध्ये कसला बर्फ, असं विचारणारे अजून भेटतात. 27 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असताना थ्रॉटल मिटून उतरताना बर्फ धरतो. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटर गरम ठेवायची सोय, लावाच.

आणि जुनं इंजिन घेताना नुसते तास विचारू नका. प्रोपेलर कधी जमिनीला लागला होता का, ते विचारा. लागला असेल तर गिअरबॉक्स उघडून क्रँकशाफ्टचा रनआउट (फिरताना किती वाकडा जातो ते) डायल गेजवर स्वतः बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.