आमच्या सापांचं नवं घर

आजचा शनिवार टेप, पेन्सिल आणि चौकटीच्या वहीत गेला, आणि मस्त गेला! आमच्या दोन्ही कॉर्न स्नेकांसाठी (हे बिनविषारी अमेरिकन साप) लाकडी व्हायव्हेरियम, म्हणजे साप ठेवायची काचेच्या दारांची पेटी, घरीच करायचं ठरलंय. इथे इंग्लंडमध्ये हे साप घरी पाळता येतात. (भारतातल्या मंडळींनो, आपली धामण किंवा नाग मात्र १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे घरी ठेवता येत नाही. दिसला तर सर्पमित्राला बोलवा.)

१८ मिमी प्लायवुड, एकावर एक दोन कप्पे. कप्पे वेगळेच हवेत, हा साप एकटा राहणारा. लांबी पाच फूट धरली, कारण त्याला अंग पूर्ण ताणून पडता आलंच पाहिजे. त्यात मी तडजोड करणार नाही.

सगळ्यात जास्त डोकं लागलं ते उबेला. एका टोकाला साधारण ३० अंश, दुसऱ्या टोकाला २२-२४, म्हणजे साप स्वतःच जागा निवडतो. हीटरभोवती जाळी हवी, नाहीतर तो थेट त्यालाच विळखा घालून भाजून घेतो. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या यंत्राशिवाय, तर हीटर लावायचाच नाही. हवेसाठी गरम बाजूला खाली झरोका, थंड बाजूला वर. आतले सांधे अ‍ॅक्वेरियमच्या सिलिकॉनने भरायचे, वॉर्निश पाण्यावर आधारित, आणि त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडायचे नाहीत.

दुपारी दोघांतली धाकटी सापीण टेपच्या पट्टीवरून जीभ लपलपवत सरकत गेली. ती अजून पेन्सिलीएवढीच जाड, म्हणून सरकत्या काचांमधली फट बुजवायला हवी. तिथे नेमकं काय लावावं? कुणी केलं असेल तर फोटोसकट सांगा.