अध्यक्षीय समारोप

दुपारी जरा डोळा लागत होता, तेवढ्यात गल्लीत टेम्पो थांबला आणि खुर्च्या उतरू लागल्या. प्लास्टिकच्या, एकात एक खोचलेल्या. महापालिकेची निवडणूक तोंडावर, म्हणजे संध्याकाळी चौकसभा. सगळ्यात शेवटी मंडपवाल्याच्या दोन पोरांनी महाराजा खुर्ची उतरवली. सोनेरी पायांची, लाल मखमलीची. तिच्यावरचं प्लास्टिक काढायचं की नाही यावर दोघांची बाचाबाची झाली. काढलं नाही.

अध्यक्षांच्या खुर्चीशी माझं लहानपणापासून वाकडं आहे. दोष आजोबांचा. मे महिन्यात नाशिकला गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असायची. आजोबा मला न्यायचे आणि कडेची जागा धरायचे. वक्ता बोलत असेतो त्यांची मांडी मोडायची नाही. मग अध्यक्ष उठून म्हणायचे, ‘वेळ फार झालेला आहे, तेव्हा मी आपला अधिक वेळ घेणार नाही.’ की आजोबांनी टोपी सारखी केलीच. पुढचा पाऊण तास आमचा. भेळभत्त्याची पुडी घेऊन आम्ही नदीकडे तोंड करून बसायचो, पाठीमागून समारोप ऐकू येत राहायचा. “त्यांना बोलायचंय, आपल्याला खायचंय,” एवढंच आजोबा म्हणायचे. तिखट मिरची मात्र माझ्या वाटणीची तेच काढून घेत.

पुढे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचली तेव्हा वाटलं, ही आजोबांच्या हातात पडायला हवी होती. लोकांना त्या कथेतली गोळी आठवते: विश्वासरावांच्या कानाजवळून ती तिळाएवढ्या अंतराने निसटते आणि मराठे पानिपत जिंकतात. मला आठवते ती खुर्ची. हजाराव्या अध्यक्षीय भाषणाच्या तयारीत असलेले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्या इतिहासातल्या आझाद मैदानावर पोचतात, तर व्याख्यान चालू आणि अध्यक्षांची जागा रिकामी! राहवणार कसं? बसतात जाऊन. लोक ओरडतात की ही प्रथा आम्ही कधीच मोडीत काढली. पंत तरी बोलतच राहतात. मग टोमॅटो, अंडी.

मराठे जिंकले असते तर काय झालं असतं, यावर आपल्याकडे अटकेपारच्या गप्पा पुष्कळ झाल्या. या खगोलशास्त्रज्ञाला मात्र सुचलं, की अध्यक्षांवाचून सभा चालल्या असत्या. नारळीकरांचं राजकारणाबद्दलचं मत मला कुणी विचारलं, तर मी तेच पान उघडून देईन.

स्वतः ते नावाच्या खुर्चीवरून उतरलेलेच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत पहिली कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आद्याक्षरं आपलीच, उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून लिहून काढली पत्नी मंगलाताईंनी. पहिलं बक्षीस मिळालं. आमच्या प्रभागातल्या उमेदवाराने तर अर्ज भरायला मिनिटासकट मुहूर्त काढला होता. नारळीकरांनी २००८ मध्ये ज्योतिष्यांची चाचणी घेतली होती, २७ जणांनी उत्तरं पाठवली. हुशार मुलं कोणती आणि मतिमंद कोणती, एवढंच पत्रिकांवरून ओळखायचं. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर थोडं बरं जमलं असतं. उमेदवाराला हे सांगायला मी जाणार नाही, आमची पाण्याची लाइन त्याच्याच हातात आहे.

२०२१ च्या डिसेंबरात ९४ वं साहित्य संमेलन आपल्याकडे आडगावला भरलं. करोनामुळे मार्चचं डिसेंबरावर गेलेलं. अध्यक्ष नारळीकर, पण तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत. कुरकुर झाली, रुसवेही झाले. मला राहून राहून कथेचा शेवट आठवत होता. गंगाधरपंतही शेवटी अध्यक्षपद नको म्हणून पानिपतच्या परिसंवादाच्या आयोजकांना दिलगिरी कळवतात. अर्थात कथेतला रुसवा वेगळा आणि म्हातारपणाचं शरीर वेगळं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांना प्रत्यक्ष ऐकायचं राहिलंच. त्यांच्या समारोपाला मी उठलो नसतो.

संध्याकाळी सभेला शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. नेते दीड तास उशिरा आले. मखमलीवरचं प्लास्टिक करकरलं. संक्रांत चार दिवसांवर, म्हणजे १४ जानेवारी, पानिपतची तारीख, आणि पहिलाच वक्ता म्हणतो, “विरोधकांचं पानिपत करू!” टाळ्या. भाऊसाहेबांचं काय झालं होतं, हे कुणालाच आठवलं नाही.

मग अध्यक्ष उठले. वेळ फार झालेला आहे, म्हणाले. मीही उठलो. कोपऱ्यावर हातगाडीवर टोमॅटो रचलेले दिसले आणि एकट्याला हसू फुटलं. पण मग आठवलं, आपल्या जिल्ह्यातही टोमॅटो फेकतातच की. भाव पडला की पिंपळगावकडचा शेतकरी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओततो. कुणाच्या अंगावर नाही. ओततो, रिकामे क्रेट गाडीत टाकतो आणि घरी जातो.