पाहुण्यांसमोर

अक्षता सोहळ्याचा दिवस, सोलापूर

सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी बार्शीहून दादा-वहिनी मुलांसह आले आहेत. दुपारी संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा पाहून परतल्यावर सगळे पंगतीला बसलो असताना वहिनींनी सहज अभ्यासाची चौकशी केली आणि माझ्या तोंडून निघून गेले, "बाराबंदी घालून मिरवायला हा पुढे, गणितात मात्र वीसपैकी सात!" सगळे हसले. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने शेंगाचटणीला लावलेला भाकरीचा तुकडा क्षणभर तसाच हातात धरला, मग तो खाल्ला, "मामा, तुम्हाला आणखी भाकरी वाढू का?" असे विचारले आणि स्वतःचे ताट उचलून तो आत गेला.

मोठ्यांसमोर आवाज चढवायचा नाही, पाहुण्यांचे जेवण होईपर्यंत त्यांच्याकडे लक्ष द्यायचे, हे मीच त्याला शिकवले होते. अपमान गिळूनही त्याने ते पाळले; मी मात्र माझ्या बाजूची रीत मोडली.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात जकार्ड मागावर काम करत. मागाच्या खडखडाटात बोलून त्यांचा आवाज इतका मोठा झाला होता की त्यांची साधी हाकही अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. तरीही परक्या माणसासमोर ते आम्हाला कधी रागावले नाहीत. एकदा माझ्या हातून शेजारच्या काकूंची काचेची बरणी फुटली, तेव्हा अण्णांनी काकूंची क्षमा मागितली, त्या गेल्यावर दार लोटले, मला समोर बसवले आणि मगच काय ते बोलले. त्या लोटलेल्या दाराचे मोल मला आज कळले.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला मारण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. मुलांनी वृद्ध आईवडिलांचा सांभाळ करावा यासाठी २००७ चा कायदा आहे. परंतु जेवणाच्या पंगतीत मुलाची लाज कोणी राखायची, आणि पुढे त्याच मुलाने थकलेल्या आईशी कोणत्या सुरात बोलायचे, हे घरातच ठरत असते. आपल्याकडे मुले आईला हक्काने 'अगं आई' म्हणतात आणि त्या एकेरीत माया असते, म्हणून आपण त्यांना काहीही बोललो तरी चालते, असे मी धरून चालले होते.

रात्री त्याच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते, तरी मी कडी वाजवली.

"अगं, ये ना. विचारतेस काय?"

मी त्याची माफी मागितली. तो बराच वेळ पांघरलेल्या चादरीच्या दशा ओढत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "मार्क सांगितलेस त्याचं काही नाही. पण सगळे हसले ना, तेव्हा तूही हसलीस."

सगळ्यांसमोर केलेल्या अपमानाची माफी अशी एकांतात मागून भागणार नाही. दादा उद्या सकाळच्या एसटीने निघणार आहे. त्याआधी, सगळे चहाला बसलेले असताना, मला हे पुन्हा बोलायचे आहे.