नव्या रेकॉर्डमधली जुनी खरखर

सीलबंद, १८० ग्रॅमची कोरी रेकॉर्ड, किंमत २५ पौंड, वर ‘रीमास्टर्ड’चा ठसठशीत स्टिकर. आणि ड्रम थांबून नुसता बेस उरतो, नेमकी तिथे खरखर! लंडनमध्ये सत्तरच्या दशकातले जमैकन डब अल्बम नव्याने छापलेले भरपूर मिळतात. डब म्हणजे रेगे गाण्यातलं बरंचसं गायन काढून बेस, ड्रम आणि प्रतिध्वनीवर नव्याने केलेला मिक्स. हेवा वाटावा इतके. पण कोणता कशावरून छापला आहे हे न सांगता विकणारेही तितकेच आहेत, आणि त्यांचा मला मनापासून राग येतो.

धुळीची खरखर ओल्या सफाईने बरीचशी जाते. तरीही राहिलीच, तर तोच अल्बम डिजिटलवर हेडफोन लावून ऐकावा. त्याच ठोक्यावर तीच टकटक तिथेही असेल तर खुशाल समजावं की छापणाऱ्याकडे मूळ टेप नव्हतीच. कुणाच्या तरी वापरलेल्या रेकॉर्डवरून सगळं उतरवून घेतलंय.

ती टकटक पुसायला गेलं की आणखी वाट लागते. डबचा सगळा जीव प्रतिध्वनीच्या शेपटीत असतो. डबचा उस्ताद किंग टबी जमैकातल्या किंग्स्टनच्या वॉटरहाऊस भागात, ड्रॉमिली अ‍ॅव्हेन्यूवरच्या लहानशा स्टुडिओत चार ट्रॅकवर मिक्स करायचा. गाणाऱ्याचा एखादा शब्द ठेवून बाकी आवाज काढून टाकायचा, तो शब्द एकोत सोडायचा, फिल्टरची मोठी कळ फिरवून बेस गायब करायचा आणि परत आणायचा. तो एको विरत विरत शांततेत जातो. सॉफ्टवेअरला मात्र ते विरणं म्हणजे निव्वळ गोंगाट वाटतो, आणि ते शेपूट कापून टाकतं. हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) पाण्याखालून आल्यासारखी वाटली, रिमशॉट (ड्रमच्या काठावरचा ठोका) बोथट झाला, की गोंगाट पुसणाऱ्या नॉइज रिडक्शनचा हात सढळ सुटला म्हणायचं.

टेप नसण्यामागे खरी कारणं आहेत, हेही सांगायला हवं. टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरत. जमैकन निर्माता ली पेरीचा ब्लॅक आर्क स्टुडिओ तर जळून गेला. शिवाय डब मिक्स हाताने, त्या क्षणी व्हायचा. मूळ गाण्याची चार ट्रॅकची टेप सापडली, तरी मिक्सची पाव इंची टेप हरवली असेल तर तो मिक्स फक्त छापलेल्या रेकॉर्डवरच उरतो. अशा वेळी उत्तम प्रत शोधून तीवरून काढलेली आवृत्ती मी आनंदाने घेईन. फक्त तसं छापा ना मागच्या बाजूला!

मँचेस्टरच्या ब्लड अँड फायर या लेबलने १९९४ मध्ये कीथ हडसनचा ‘पिक अ डब’ हा अल्बम पुन्हा काढला. लंडनचं प्रेशर साउंड्सही त्याच काळातलं. वादक कोण, स्टुडिओ कुठला, मिक्स कुणाचा, हे अशा लेबलांच्या आवृत्त्यांत वाचायला मिळतं. आपल्याकडे नाट्यगीतांचे संच निघतात, त्यात ऑर्गनवर कोण होतं याचा पत्ता नसतो. इथे लंडनमध्ये कुणी ‘तुमच्याकडे जुनं जपत नाहीत’ म्हटलं की मात्र मी ऐकून घेत नाही. ७८ च्या तबकड्या ट्रंकेत घालून चाळीतल्या खोलीत सांभाळणारी माणसं आपलीच. मुंबईत रेकॉर्ड संग्राहकांची सोसायटी १९९० पासून आहे. आपल्याकडे पैसा नव्हता, कान होता. आणि जमैकन रेकॉर्डवर पौंड घालवतोस, मराठीवर का नाही, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की मराठी कुणी अशा निगुतीने छापून तर द्या, पहिली प्रत माझी.

विकत घेताना एका बाजूची लांबी आधी बघा. १५ ते १८ मिनिटं असेल तर बेसला रुंद खाच मिळते. बोनस ट्रॅक कोंबून २४ मिनिटं केलेली बाजू हळू आवाजात कापावी लागते आणि बेस बसतो. ली पेरीच्या १९७३ च्या ‘ब्लॅकबोर्ड जंगल’च्या नावाखाली वेगवेगळे मिक्स फिरतात, मूळ नावातच १४ चा आकडा आहे, तेव्हा ट्रॅक मोजून घ्या. घरी लावल्यावर टोनआर्म डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक मध्यावर नाही. मेलोडिकाचा (फुंकून वाजवायच्या छोट्या पेटीचा) लांब सूर लगेच डगमगतो. ती प्रत परत करायची. टर्नटेबल स्पीकरच्याच टेबलावर असेल तर बेस सुईत शिरून घुमतो, त्याला रेकॉर्ड बिचारी काय करणार.

कुणाकरवी भारतात मागवली तर रेकॉर्ड कव्हरबाहेर, त्याच्या मागे ठेवून पाठवायला सांगा. आत राहिली की प्रवासात कव्हरची शिवण फाटते. पावसाळ्यात पीव्हीसीचं बाहेरचं कव्हर नको, पॉलिप्रॉपिलीनचं घ्या, आणि रेकॉर्ड उभ्याच ठेवा. सफाईला चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे फक्त व्हायनलसाठी. आजोबांच्या ७८ च्या तबकड्यांना त्याचा थेंबही लावू नका, त्यातली लाख अल्कोहोलने विरघळते.