मे महिन्यात काढलेला वॉल डिसेंबरात भोवला

परभणीत गाडीचा हीटर दुरुस्त करायचाय म्हटलं की लोक आधी तोंडाकडे बघतात. एसीबद्दल बोला, जो तो सल्ला देईल. हीटर? ‘आपल्याकडं लागतोच कशाला?’ पण डिसेंबरात थंडीची लाट आली, कृषी विद्यापीठातला पारा एक अंकी झाल्याची बातमी छापून आली, की पहाटे पाचला गाडी काढणाऱ्याला विचारावं तो कशाला लागतो.

आम्हाला येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूरकडे बहिणीच्या शेतात जायचं असतं. शेतातल्या कडब्याच्या कोपीतल्या पूजेच्या आत पोचायचं म्हणजे अंधारातच निघायचं. मागच्या सीटवर आई, अंगावर दोन शाली, कानाला रुमाल. हीटरची खुंटी लाल रंगाच्या टोकापर्यंत फिरवलेली, पंखा चारवर, आणि आत येतेय ती कोमट म्हणावी की गार, असा प्रश्न पडावा अशी हवा. गावात जरा तरी ऊब होती. पोखर्णी मागे पडली, गाडीने ऐंशीचा वेग धरला आणि तीही गेली. गोदावरीच्या पुलावर धुकं होतं, काच आतून धुरकटली, मी एका हाताने फडका मारत गंगाखेड गाठलं. आई म्हणाली, “कामून चालू केलास ते? बंद कर, वारं लागायलंय.”

परत आल्यावर आधी फुकटात होईल ते केलं. ग्लोव्ह बॉक्स काढून मागचा केबिन फिल्टर ओढला. त्यात लिंबाचा पाला, धूळ आणि चक्क कापसाचा पुंजका. जिनिंगच्या रस्त्याने रोज जाणं-येणं असल्यावर दुसरं काय निघणार! फिल्टर बदलला. हवा जोरात येऊ लागली, पण तीच गार हवा आता जास्त जोरात.

मग एका मोठ्या गॅरेजात गेलो. त्यांनी बोनेटही नीट न उघडता सांगितलं, हीटर कॉइल चोकअप आहे, पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, दोन दिवस गाडी ठेवा. खर्चाचा आकडा ऐकून मी ‘घरी विचारून सांगतो’ म्हणालो. अशा वेळी घर फार कामाला येतं.

शेवटी जुन्या ओळखीच्या मिस्तरीकडे गेलो. त्याने पाना हातात घ्यायच्या आधी एकच विचारलं, “सर, रस्त्यावर पळताना टेम्परेचरचा काटा कुठं असतो?”

मी कधी पाहिलंच नव्हतं. (नव्या कित्येक गाड्यांत काटाच नसतो, नुसता निळा-लाल दिवा. माझी जुनी पेट्रोल गाडी असल्याने वाचलो.) दोघं वसमत रोडला चक्कर मारून आलो. सिग्नलला थांबलं की काटा चढायचा, गाडी पळवली की पडायचा, अगदी खालच्या रेघेजवळ. मिस्तरी हसला. म्हणाला, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी असतं तर उलटं झालं असतं. उभ्या गाडीत गार हवा आली असती आणि रेस दिली की गरम.

मग त्याने हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांना हात लावायला सांगितलं. इंजिनातलं गरम पाणी एका नळीने डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये जातं, पंखा त्यावरून हवा फेकतो, पाणी दुसऱ्या नळीने परत येतं. हीटर म्हणजे एवढंच, इंजिनाची वाया जाणारी उष्णता. एक नळी चटका देणारी आणि दुसरी गार असेल तर कॉइल चोक. माझ्या दोन्ही नळ्या सारख्याच कोमट. म्हणजे कॉइल बरी होती, पाणीच तापत नव्हतं.

थर्मोस्टॅटचं, मिस्तरीच्या भाषेत ‘वॉल’चं, झाकण खोललं. आत काहीच नव्हतं. “वॉलच नाही हो सर इथं!”

आणि मला मे महिना आठवला. बेचाळीस अंशांत गाडी गरम झाली म्हणून एका गॅरेजात नेली होती, तिथे त्यांनी ‘आपल्या हवेत याची गरज नाही’ म्हणत एक पितळी तुकडा माझ्या हातावर ठेवला होता. मला तर तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं! तोच हा वॉल. तो इंजिन तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे, म्हणजे पाणी गार करणाऱ्या जाळीकडे, जाऊ देत नाही. तोच नसल्यावर पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरमधून फिरत राहतं, आणि पहाटेच्या वाऱ्यात ते तापणार कधी? इंजिन गार राहिलं की पेट्रोलही जास्त पितं. सहा महिने अ‍ॅव्हरेज पडल्याचा दोष मी पंपवाल्याला देत होतो.

मग मेमध्ये गाडी का तापत होती? रेडिएटरमधून निघालेलं पाणी पाहिलं आणि कळलं. लाल गाळ, आणि आत पांढरे खपले. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं. ज्या पाण्याने घरच्या गिझरची कॉइल वर्षात पांढरी होते, ते रेडिएटरला कसं सोडेल?

नवा वॉल आणला, त्यावर ८२ आकडा कोरलेला, म्हणजे तेवढ्या अंशांना उघडणारा. मिस्तरीने तो बसवायच्या आधी एका जुन्या डब्यात पाण्यात सोडून स्टोव्हवर ठेवला. पाणी तापलं, उकळीच्या बरंच आधी मधली चकती हळूच सरकली. गार पाण्यात टाकल्यावर पुन्हा बंद. मी ते तीनदा बघितलं. रेडिएटर आणि कॉइल दोन्ही धुतली, नवं गॅस्केट लावलं, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं.

खरा वेळ गेला तो हवा काढण्यात. गाडीचं तोंड चढावर करून ठेवलं, हीटर फुल गरमवर, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं. बुडबुडे येत राहिले, पातळी खाली जायची, आम्ही ओतत राहिलो. (गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीच उघडू नये. मिस्तरीच्या मनगटावर त्याची खूण आहे.) रेडिएटरचा पंखा सुरू झाल्यावर झाकण लावलं. डॅशबोर्डमागून येणारा गडगड आवाज दुसऱ्या दिवशी थोडा राहिलाच होता, इंजिन गार असताना पुन्हा पाव लिटर बसलं.

दोन हजारांच्या आत काम झालं. पुढच्या रविवारी त्याच रस्त्याने आईला घेऊन निघालो. पोखर्णीच्या आधीच काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला. काच धुरकटू लागली तेव्हा हीटरसोबत एसी लावला आणि हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद केलं. मिनिटभरात काच लख्ख. पुलावर आल्यावर आईने रुमाल सोडला, एक शाल घडी करून बाजूला ठेवली.

“कमी कर रे ते,” म्हणाली, “उकडायलंय.”