समुद्रावर घरच्यांचे फोटो काढताना: तिथी, ऊन आणि आईचा आवाज

मालवणजवळच्या देवबागहून आल्यावर फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले तेव्हापासून विचारणा चालू आहे, कुठला फोन घेतलास, कुठलं अ‍ॅप वापरतेस वगैरे. फोन तोच जुना आहे आणि अ‍ॅप काहीच नाही. फरक पडलाय तो किती वाजता गेलो आणि कुठे तोंड करून उभे राहिलो याने, आणि त्यातलं अर्धं तर किनाऱ्यावरच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं, कारण डिसेंबर आला की निम्मं पुणं-मुंबई मालवणात उतरतं आणि परत येताना सगळ्यांकडे तोच फोटो असतो, मागे सूर्य झक्कास आणि पुढे उभी असलेली घरची माणसं काळी ठिक्कर, त्यात काकू कोण आणि मामी कोण ते साडीच्या काठावरून ओळखायचं.

याचं कारण एकदम साधं आहे. आपला अख्खा कोकण किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे संध्याकाळी सूर्य समुद्रावर असतो आणि आपण सगळ्यांना समुद्राकडे पाठ करून उभं करतो. उजेड पाठीवर, चेहऱ्यावर सावली. मग करायचं काय, तर फोटो काढणाऱ्याने पाण्याच्या बाजूला जायचं, घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि माणसांना समुद्राकडे बघायला सांगायचं. मागे सुरूचं बन किंवा माड येतात, चेहऱ्यावर ते पिवळं-केशरी ऊन पडतं आणि मुख्य म्हणजे माणसं कॅमेऱ्याकडे न बघता समुद्राकडे बघत असतात, त्यामुळे चेहरे मोकळे असतात, ते ‘चीज’ म्हणून ताणलेलं हसू येत नाही. आणि मागे समुद्र हवाच असेल तर सकाळी काढा. तेव्हा सूर्य जमिनीच्या बाजूने येतो, समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं तरी ऊन तोंडावरच पडतं आणि पाण्याचा रंगही जास्त खुलतो.

देवबागची तर मजाच आहे, चिंचोळी पट्टी, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. सकाळी खाडीवर उगवतीचे फोटो आणि संध्याकाळी चालत चालत पलीकडे मावळतीचे. आम्ही राहिलो होतो तिथून दोन्हीकडे पायीच जाता यायचं, बाबांच्या गुडघ्यांना सुद्धा झेपेल एवढंच अंतर.

आता तिथीचं. हे मला लहानपणी आमच्या आजोळच्या शेजारच्या एका आजोबांनी शिकवलं होतं आणि अजूनही उपयोगी पडतं. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल तेवढ्या वाजता साधारण भरती. म्हणजे अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सकाळ-संध्याकाळ सहा वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधरा धरायचे, उत्तर सव्वाअकरा येतं, म्हणजे दुपारच्या आसपास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्येलाही तेच. हा अंदाज आहे, थोडं पुढेमागे होतं, पण ट्रिप ठरवायला पुरतो.

फोटोशी याचा संबंध असा की पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर ओहोटी नेमकी सूर्यास्ताच्या सुमाराला येते, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप मागे गेलेलं असतं. ओल्या वाळूची अशी लांबच्या लांब पट्टी मोकळी पडते आणि तिच्यावर पाण्याचा पातळ थर राहतो, त्यात आकाश, ढग, पळणारी पोरं सगळं उलटं दिसतं. फोन अगदी खाली, जवळजवळ वाळूला टेकवून धरायचा. आमच्या धाकट्याचा खेकड्यामागे धावतानाचा जो फोटो सगळ्यांना आवडला ना, तो असाच आहे, काही एडिट केलेलं नाही. अष्टमीच्या आसपास गेलात तर संध्याकाळी भरती वर आलेली असते, किनारा अरुंद होतो, ओल्या वाळूचा आरसा काही मिळत नाही. तेव्हा मग सकाळ-संध्याकाळ सोडून दुपारी बाराच्या सुमाराच्या ओहोटीची वाट बघा नाहीतर खाडीकडे जा. कालनिर्णय भिंतीवर आहेच, सुट्टीचा अर्ज टाकायच्या आधी एक नजर टाकायला काय लागतं!

आणि हेच गणित जिवासाठीसुद्धा आहे हे कळकळीने सांगते. भरती चढत असताना समुद्राकडे पाठ करून, खडकावर चढून फोटो काढायचे नाहीत. दरवर्षी अशा बातम्या वाचतो आपण. ज्याच्या हातात फोन आहे त्याचं लक्ष स्क्रीनवर असतं, म्हणून आमच्यात नियम आहे की फोटो चालू असताना एक मोठं माणूस फक्त लाटांकडे बघत उभं राहणार, त्याने फोन खिशातून काढायचाच नाही.

फोटोंपेक्षा मला यावेळी व्हिडिओ महत्त्वाचे वाटले आणि त्यातही आवाज. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो आपल्याकडे असतात, लग्नातले, मुंजीतले, पण आवाज नसतो. माझ्या आजीचा आवाज कसा होता हे माझ्या मुलांना मी कितीही सांगितलं तरी कळणार नाही. म्हणून आई पाण्यात उतरली तेव्हा मी शेजारी बसून फक्त रेकॉर्ड करत राहिले, काही बोलले नाही. ती एका हाताने निऱ्या वर धरून उभी, दुसरा हात नातीच्या हातात घट्ट, लाट आली आणि परत जाताना टाचेखालची वाळू ओढून न्यायला लागली तशी ती थोडी डगमगली आणि म्हणाली, “अगं अगं, पायाखालनं कोण ओढतंय बघ!” आणि मग दोघी जे हसत सुटल्या, लेक म्हणत होती आजी परत परत, आणि आईपण परत परत पुढच्या लाटेची वाट बघत उभी. एवढाच व्हिडिओ आहे. चेहरासुद्धा पूर्ण दिसत नाही, अर्धा वेळ पायच आहेत, टाचा वाळूत रुतताना, जोडव्यांच्या भोवती फेस. पण संपूर्ण ट्रिपमधलं एकच काहीतरी ठेवायला सांगितलं तर मी तेच ठेवेन.

असे व्हिडिओ यायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे फोन हलवायचा नाही. आपण सगळे इकडून तिकडे फोन फिरवतो, समुद्र, मग माणसं, मग आकाश, परत समुद्र, आणि घरी आल्यावर बघताना गरगरतं. एका जागी धरा, सावकाश दहापर्यंत मोजा, माणसांना फ्रेममध्ये येऊ द्या, जाऊ द्या. दुसरं म्हणजे वारा. दुपारी आणि संध्याकाळी समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात, शाळेत भूगोलात होतं ते, आणि ते थेट माईकमध्ये घुसतात, मग व्हिडिओत नुसतं घरघर, बोललेलं काही कळत नाही. सकाळी लवकर मतलई वारे असतात, जमिनीकडून येणारे, ते बरेच मंद असतात. त्यामुळे कुणाला बोलतं करायचं असेल, बाबांकडून त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी वगैरे, तर सकाळचा चहा किनाऱ्यावर नेऊन प्या. संध्याकाळीच करायचं असेल तर वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा म्हणजे आपल्या अंगाचा आडोसा होतो. फोन माणसाच्या जवळ न्या, झूम करून आवाज जवळ येत नाही.

एका सकाळी रापण लागली होती. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकतात आणि मग दोन्ही टोकांना माणसं उभी राहून किनाऱ्यावरून ते ओढत आणतात, खूप वेळ चालतं, दोन्ही रांगा हळूहळू जवळ येत जातात. आपल्याकडचे पर्यटक लगेच घुसतात फोन घेऊन, जाळ्यावर पाय, कुणाच्या तोंडासमोर कॅमेरा. ती लोकं कामावर आहेत हो. आम्ही आधी विचारलं, एका काकांनी म्हटलं काढा की, पण आधी दोरी धरा! मग नवरा आणि मोठा मुलगा दोरीला लागले, मी फोटो काढले, आणि त्या फोटोंमध्ये दोघांच्या चेहऱ्यावर जे आहे ते कुठल्याही पोझमध्ये येणार नाही, कपाळावर घाम, पाय वाळूत रोवलेले, दात आवळलेले. जाळ्यात बांगडे आणि तारली होती, उन्हात नुसतं चमचम. काकांचे फोटो त्यांच्या मुलाच्या नंबरवर तिथेच पाठवून दिले. हे करत जा प्लीज, ज्यांचे फोटो आपण काढून आणतो त्यांच्याकडे ते बऱ्याचदा पोचतच नाहीत.

सिंधुदुर्गालाही सकाळीच जा. 1664 ला महाराजांनी बांधायला घेतलेला किल्ला, मालवणच्या किनाऱ्यासमोर पाण्यात, म्हणजे संध्याकाळी धक्क्यावरून बघितलं तर सूर्य त्याच्या मागे जातो आणि तटबंदी नुसती काळी रेघ दिसते. तेही छान दिसतं, नाही म्हणत नाही, पण दगड, बुरूज, तटाची नागमोडी वळणं बघायची असतील तर सकाळचं ऊन हवं. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा ज्या घुमट्यांमध्ये आहे तिथे फ्लॅश मारू नका, समोरून उजेड टाकला की ठसा सपाट दिसतो, बाजूने येणाऱ्या उजेडात त्याची खोली दिसते. आणि मुलांना तिथे आधी हात जोडू द्या, फोटो नंतर.

फोनची काळजी. वॉटरप्रूफ आहे म्हणून खाऱ्या पाण्यात बुडवू नका. ती आयपी 68 वगैरे पाणी-धुळीची टेस्ट गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या पाण्यात नाही, आणि पाणी आत गेलं तर वॉरंटीत सहसा बसत नाही. खारं पाणी उडालं तर, फोन मुळात पाणी सोसणारा असेल तरच, गोड्या पाण्याने हलकेच धुवा, पुसा, चार्जिंगचं भोक पूर्ण वाळेपर्यंत केबल लावायची नाही. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, अ‍ॅपलने 2024 मध्ये स्वतःच सांगितलंय की तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान होतं. लेन्सवर समुद्राच्या हवेने खारट धुरकट थर बसतो, आपल्या लक्षात येत नाही आणि सगळे फोटो दुधाळ येतात. पण साडीच्या पदराने कोरडंच घासू नका, वाळूचा एक कण असला तरी ओरखडा. आधी फुंकर, मग किंचित ओला मऊ सुती कपडा. गळ्यात अडकवायचं प्लॅस्टिकचं पाऊच घेतलंत तर पाण्याखाली टच चालत नाही हे लक्षात ठेवा, आवाजाच्या बटणाने फोटो काढायचा. दुपारी फोन उन्हात चटईवर ठेवला तर तापून कॅमेराच बंद पडतो, टॉवेलखाली सावलीत ठेवा.

वाळू खूप उजळ असली की फोन गोंधळतो आणि चेहरे काळवंडतात, तेव्हा चेहऱ्यावर बोट टेकवायचं आणि बाजूला येणारी उजेडाची पट्टी जराशी वर सरकवायची. आणि ग्रिड, म्हणजे कॅमेऱ्यात स्क्रीनवर दिसणाऱ्या आडव्या-उभ्या रेषा, चालू करा, क्षितिज तिरकं आलं की समुद्र एका बाजूला सांडतोय असं वाटतं.

स्कुबा केलंत तर व्हिडिओ तेच लोक काढून देतात. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा तो इतका दाबलेला होता की मासे म्हणजे नुसते रंगीत ठिपके. तिथल्या तिथे ओरिजिनल फाइल मागा, केबलने घ्या नाहीतर पेनड्राइव्ह बरोबर ठेवा. हाच नियम घरच्या ग्रुपला, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एक मात्र मनापासून सांगायचंय. लहान मुलांचे पाण्यातले, कपडे बदलतानाचे, अर्धे उघडे फोटो सगळ्यांना दिसतील असे टाकू नका. आणि तिथे असतानाच ‘एन्जॉयिंग अ‍ॅट देवबाग’ म्हणून लोकेशनसकट टाकायची काही घाई नसते, घर बंद आहे हे गावभर कशाला सांगायचं. माझ्या मुलीला आता कळायला लागलंय, मी तिला विचारूनच टाकते आणि ती नाही म्हणाली तर नाही.

शिवाय घरातलं जे माणूस सगळ्यांचे फोटो काढत असतं ते स्वतः कुठेच नसतं, आणि बहुतेक घरांत ती आई असते किंवा बॅगा सांभाळत बसलेली जाऊबाई. आमच्याकडे यावेळी फोन रोज वेगळ्या माणसाकडे द्यायचा असं ठरवलं होतं. मुलीकडे दिला त्या दिवशी तिने तिच्या उंचीवरून काढलेले फोटो बघून मी थक्क झाले, सगळीकडे गुडघे, बादल्या, शिंपले, आणि मध्येच मी, भिजलेले केस, फणसपोळी खात, कुणीतरी बघतंय हे माहीतच नाही. तिच्या डोळ्यांना मी अशी दिसते तर!

सध्या निवडायचं काम चालू आहे. आईबाबा फोनमधले फोटो बघत नाहीत, त्यामुळे निवडक फोटो प्रिंट करून अल्बममध्ये लावणार आणि प्रत्येकामागे पेन्सिलने नाव आणि जागा लिहिणार. निवडताना एकसारख्या दहा फोटोंमधून एकच ठेवते, बाकीचे उडवते, आणि व्हिडिओ मात्र आवाजासाठी सगळे ठेवते, एका हार्डडिस्कवर आणि एक कॉपी दादाच्या घरी. मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते मुलांना दाखवायला न्यायचं चाललंय. तिथे फ्लॅश मारायचा नाही, दोरीच्या आत जायचं नाही एवढं माहीत आहे, पण पहाटेच्या उजेडात फोनने नीट काही येतं का, कुणी जाऊन आलं असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा.